शेषरावांच्या रजिस्टरमधली टिंबं

वैशाखी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. डोंगरकड्याला शेषराव खिल्लारे यांच्या दारावरच्या पंचशील झेंड्या अजून उतरवायच्या होत्या. शनिवारी भर दुपारी, पत्र्याकडं बघवत नव्हतं अशा उन्हात, त्यांचा मुलगा प्रेमानंद न कळवता येऊन उभा राहिला. काखेत प्लास्टिकची फाइल, पाठीवर शर्ट चिकटलेला. पद्माबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "माय, बाबा कुठं हाईत?"

बाबा मागं लिंबाखाली बाजेची नवार आवळत बसले होते. एकसष्ट वर्षांचा हाडकुळा माणूस. आरोग्य खात्यात तीस वर्षं सायकलवर आणि पायी फिरलेला. फवारणी, गोळ्या, डोस, रक्ताच्या काचपट्ट्या, हेच आयुष्य. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांच्या पायांना घरात करमत नव्हतं.

प्रेमानंद दूरच्या शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायचा. मंगळवारी अकरा वाजता त्याच्या बढतीची मुलाखत होती. अशा मुलाखतीत डॉक्टरानं किती शोधनिबंध छापले ते बघतात, आणि त्याहून जास्त हे बघतात की त्या निबंधाचा आधार दुसऱ्या किती जणांनी आपल्या लेखात घेतला. असा एकेक आधार म्हणजे एक साइटेशन. साप चावलेल्या माणसांवरच्या प्रेमानंदच्या निबंधाला अशी एक्केचाळीस साइटेशन मिळाली होती, श्रीलंकेपासून ब्राझीलपर्यंत. त्याच्या विभागात तेवढी कुणाचीच नव्हती.

घोटाळा नावाचा झाला होता. आपल्याकडं शाळेत नाव घालतात ते आडनाव आधी, मग स्वतःचं, मग बापाचं. दाखल्यावर खिल्लारे प्रेमानंद शेषराव, डिग्रीवरही तसंच. एकोणीसशे नव्याण्णव साली निबंध पाठवताना त्यानं तेच लिहिलं. परदेशी मासिकाच्या रीतीनं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, म्हणून त्यांनी छापलं शेषराव के. पी. त्या वेळी प्रेमानंदनं शेजारच्या फोनवर हसत सांगितलं होतं की बाबा, तुमचं नाव विलायतेत गेलं. दुरुस्तीचं पत्र लिहू लिहू म्हणता राहून गेलं. मग एकाचं बघून दुसऱ्यानं, असं करत एक्केचाळीस जणांनी लिहिलं, शेषराव यांनी दाखवून दिलं आहे.

आता कुणीतरी बिननावाचा अर्ज टाकला होता. डॉ. खिल्लारे हे कुणा वेगळ्याच शेषराव नावाच्या संशोधकाचं काम स्वतःचं म्हणून दाखवतात. समितीनं कळवलं होतं की हे शेषराव कोण ते सिद्ध करा, हयात असतील तर सोबत आणा, त्यांचं शपथपत्र जोडा. नाही तर तो निबंध धरला जाणार नाही, आणि अर्ज खरा निघाला तर नोकरीवरही येईल.

शपथपत्र प्रेमानंद वसमतहून टाइप करूनच आला होता. शेषरावांनी चष्मा लावला. कोणताही कागद मोठ्यानं वाचायची त्यांची सवय. मी, शेषराव किसन खिल्लारे, सेवानिवृत्त आरोग्य कर्मचारी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर निबंधावर माझे नाव चुकीने छापले गेले असून सदर संशोधनाशी माझा कोणताही संबंध नाही. शेवटचे शब्द त्यांनी पुन्हा वाचले. मग कागद मांडीवर उपडा ठेवला.

"संबंध न्हाई?"

"लिहायची पद्धत असते ती, बाबा."

"मी रोज सकाळी चौथं शील म्हणतो. खोटं बोलणार न्हाई म्हणून. आन सत्य प्रतिज्ञेवर हे लिहून देऊ?"

पद्माबाई दाराशी उभ्या होत्या. "तीस वर्षं सरकारी मस्टरवर सह्या मारल्या, तवा एकदाबी शील आठवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोराची एक सही जड झाली."

"मस्टरवर मी हजर होतो तवाच सही केली," शेषराव म्हणाले. त्यांनी पेन काही उचललं नाही.

ते का अडले, हे कळायला चौदा वर्षं मागं जावं लागतं. नव्वद सालच्या भादव्यात जवळच्या तांड्यावरच्या नानीबाईची सून रूपाबाई कडब्याच्या गंजीत साप चावून मेली. बैलगाडीतून आणली ती आरोग्य केंद्राच्या पायरीवरच गेली. डॉक्टरांनी विचारलं, चावला कधी? एकानं सांगितलं सहाला, दुसऱ्यानं दहाला. डॉक्टर चिडले की वेळच माहीत नाही तर पुढं कुणाला काय सांगायचं. ते शब्द शेषरावांच्या मनात रुतून बसले. त्यांनी स्वतःच्या पैशानं एक लांबडं रजिस्टर आणलं आणि आसपासच्या गावांत, तांड्यांवर कुणाला साप चावला की आठवड्याच्या आत त्या घरी जाऊन लिहायला सुरुवात केली. कुठं चावला, कधी चावला, आधी काय केलं, दवाखान्यात कधी पोचले, वाचला का गेला. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खात्यातले लोक हसायचे की शेषरावाला सापाचं याड लागलं.

पहिले दोन महिने ते सरळ विचारायचे, किती वाजले होते? लोकही सरळ सांगायचे, पाच, सात, तोंडाला येईल ते. साहेबाचा माणूस विचारतो म्हटल्यावर काहीतरी सांगायला नको का. शेवटी नानीबाईनंच त्यांना वाटेवर आणलं. सुनेच्या वेळेचं तिसऱ्यांदा विचारायला गेले, तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊ, टाइम काहून विचारतो? घड्याळ तुझ्या हाताला हाय, आमच्या न्हाई. गाडी विचार, दूध विचार."

तेव्हापासून त्यांनी टाइम विचारणं सोडलं. वसमतची गाडी गेली होती का? म्हैस पिळली होती का? रेडिओवर बातम्या चालू होत्या का? गावातली अजान झाली होती का? गाड्यांचं वेळापत्रक त्यांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलं होतं. घरातल्या दोन माणसांना वेगवेगळं विचारायचं. दोघांची खूण जुळली तर वेळ लिहायची. नाही जुळली तर आपल्या अंदाजानं वेळ लिहायची आणि समासात एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे अंदाज. पहिल्या दोन महिन्यांतल्या घरीही ते पुन्हा जाऊन असंच विचारून आले. आठ वर्षं हे चाललं. टिंबाचा अर्थ त्यांनी कुणाला सांगितला नाही, कारण कुणी विचारलाच नाही. प्रेमानंद पुढच्या शिक्षणाला होता तेव्हा सुट्टीत येऊन ते रजिस्टर घेऊन गेला आणि आकडे उतरवून परत आणून दिलं. त्यातून निबंध झाला.

लिंबाखाली शेषराव मुलाला म्हणाले, सहीचं मागून बघू, आधी हा निबंध मला वाचून दाखव, मराठीत. पाच वर्षांत हे दोघांनाही कधी सुचलं नव्हतं. प्रेमानंद घड्याळाकडं बघत ओळीओळीचं मराठी करत गेला. दोन घंट्यांच्या आत पोचले ते बहुतेक वाचले, हा पहिला निष्कर्ष. दुसरा असा की चार घंटे ही एक हद्द आहे, ती ओलांडली की मरणाचं प्रमाण एकदम चढतं. जगानं उचलला होता तो हा दुसरा निष्कर्ष. आणि हे सगळं उभं होतं एकशे ब्याऐंशी माणसांच्या नेमक्या वेळांवर.

"नेमक्या?" शेषरावांनी विचारलं. "एकशे ब्याऐंशी टिंबाच्या धरून का टिंबाच्या सोडून?"

"कोणतं टिंब?"

शेषराव उठले. पत्र्याच्या पेटीतून रजिस्टर काढून आणलं आणि समासावर बोट ठेवलं. टिंब म्हणजे काय ते सांगितलं. प्रेमानंदला ती टिंबं लिहिता लिहिता टेकलेल्या पेनाची वाटली होती. पहिल्या तीन पानांवर त्यानं मोजली तर पाच निघाली. चौथं पान त्यानं उलटलं नाही. रजिस्टर मिटून दोन्ही हात त्यावर दाबून बसला.

मग तो बोलला. आवाज खाली. समिती फक्त नावाचं विचारते आहे. टिंबाचं कुणाला माहीत नाही. मंगळवारी यायचं, नाव सांगायचं, रेशनकार्ड दाखवायचं आणि परत निघायचं. बढती झाली की तो स्वतः सगळं नीट करून मासिकाला कळवील. शेषरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की संबंध नाही ही ओळ काढल्याशिवाय सही होणार नाही.

रविवारी टाइप करणाऱ्याचं दुकान बंद. सोमवारी सकाळी बापलेक पहिल्या गाडीनं वसमतला गेले. टाइप करणाऱ्यानं शेषरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काका, एका ओळीसाठी नवा कागद? लोक अख्खं शेत खोटं लिहून देतात माझ्यासमोर." नव्या कागदावर एवढंच होतं की निबंध माझ्या मुलाने लिहिला असून त्यावर माझे नाव रीतीच्या फरकाने छापले गेले आहे. त्यात खोटं काही नव्हतं. शेषरावांनी सही केली आणि तिथूनच दोघं रात्रीच्या रेल्वेनं शहराकडं निघाले.

घरून निघताना पद्माबाईंनी त्यांना बजावलं होतं की विचारतील तेवढंच सांगा, जास्तीचं प्रवचन नको. शेषरावांनी विचारलं होतं, आणि विचारलंच तर? त्या म्हणाल्या होत्या, न्हाई विचारणार. ते बोलणं त्यांनी रेल्वेत रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. खोटं बोलायचं नाही हे सोपं आहे. विचारलं नाही तोवर गप्प बसायचं, हे त्यातच येतं का बाहेर राहतं, हे त्यांना ठरवता येईना. समोरच्या बाकावर प्रेमानंद डोळे मिटून बसला होता, पण झोपला नव्हता. बोटानं फाइलची दोरी गुंडाळायचा आणि सोडायचा.

कॉलेजच्या वऱ्हांड्यात आणखी दोन उमेदवार बसले होते. सव्वाबाराला बापलेकांना एकत्रच आत बोलावलं. आत तिघं होते. मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई. एका बाजूला कारकून. दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, बारीक अंगाचे, मान खाली घालून निबंध वाचत बसलेले.

बाईंनी शपथपत्र वाचलं, दाखला पाहिला, रेशनकार्ड पाहिलं. शेषरावांना नाव विचारलं, गाव विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाल्या, म्हणजे जगानं एक्केचाळीस वेळा वडिलांचं नाव घेतलं आणि मुलाला जाब द्यावा लागला. कारकूनही हसला. बिननावाचा अर्ज त्यांनी बाजूला सारला. प्रेमानंदचे खांदे खाली आले. शेषराव खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

"एक मिनिट," तज्ज्ञ म्हणाले. त्यांनी मान वर केली. खेड्यात घड्याळं नसतात, मग चावल्याची वेळ इतकी नेमकी आली कशी, असं त्यांनी विचारलं.

प्रेमानंदनं सांगितलं की आरोग्य कर्मचाऱ्यानं घरोघर जाऊन लिहिली. कोणत्या कर्मचाऱ्यानं? प्रेमानंद टेबलाकडं बघत म्हणाला, "ह्यांनीच."

बाईंनी शेषरावांना बसायला सांगितलं. तज्ज्ञ खुर्ची त्यांच्याकडं वळवून साध्या मराठीत विचारू लागले. शेषरावांनी गाडीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, अजानचं सांगितलं, दोन माणसांना वेगवेगळं विचारायचं सांगितलं. तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. पावसाळ्यात गाडी उशिरा आली तर काय करायचे, असं त्यांनी विचारलं. शेषराव म्हणाले, डेपोत जाऊन त्या दिवसाचा उशीर विचारून यायचो, साहेब. तज्ज्ञ बाईंकडं वळून इंग्रजीत काहीतरी बोलले. चांगलंच बोलले असावेत, कारण प्रेमानंदनं मान वर केली.

मग ते सहज म्हणाले, "म्हणजे एकशे ब्याऐंशीही वेळा पक्क्या आहेत तर."

हे विचारणं होतं का नुसतं बोलणं होतं? शेषरावांनी तेवढा एक क्षण स्वतःला दिला. बाजूला प्रेमानंदचा अंगठा फाइलच्या कोपऱ्यावर दाबलेला होता, नख पांढरं पडलेलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते मनात आलं याचीच त्यांना भीती वाटली.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "ज्याच्या समासात टिंब हाय, तो माझा अंदाज हाय. पक्का न्हाई."

"अशी किती?"

"मोजली न्हाईत. पंचवीस-तीस असतील."

तज्ज्ञांनी निबंध उलटसुलट चाळला. टिंबाचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता. बाईंचं हसू गेलं होतं. मुलाला हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. शेषराव म्हणाले की निबंध लिहिताना माहीत नव्हतं. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, मग कळलं कधी? या प्रश्नाचा शेषरावांनी विचारच केला नव्हता. "शनिवारी, म्याडम," ते म्हणाले. म्हणता म्हणता त्यांना कळलं की आपण काय उघडं केलं.

बाई प्रेमानंदकडं वळल्या. "आज तुम्ही आम्हाला हे सांगणार होतात?"

प्रेमानंदनं हातातली फाइल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "नाही."

निकाल तिथंच लागल्यासारखा होता. नावाची शंका फिटली असं समितीनं लिहिलं, नोकरीला धक्का नाही असंही लिहिलं. पण टिंबाच्या नोंदी काढून हिशोब नव्यानं करून मासिकात दुरुस्ती छापून येईपर्यंत तो निबंध धरायचा नाही, असं ठरलं. त्या निबंधाशिवाय प्रेमानंदच्या हाती फारसं उरत नव्हतं. जागा वऱ्हांड्यातल्या दोघांपैकी एकाला गेली.

स्टेशनवर प्रेमानंदनं तिकीट काढून दिलं, पाण्याची बाटली आणून दिली आणि खिडकीबाहेर उभा राहिला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा म्हणाला, "तुमी गप्प बसू शकत होता, बाबा."

"विचारलं नसतं तर बसलो असतो," शेषराव म्हणाले. ते खरं होतं, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर त्यांना त्याचीच तकलीफ झाली.

पुढचे सात आठवडे घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. प्रेमानंदचा फोन नाही, पत्र नाही. पद्माबाई ताट आदळून वाढायच्या. सकाळी वंदना मात्र दोघं शेजारी बसूनच म्हणायचे, आणि चौथ्या शीलाला पद्माबाई मुद्दाम आवाज चढवायच्या. एकदा वंदना आटोपल्यावर म्हणाल्या, "शील पाळलं, बराबर केलं. आता पोराचं तोंड कवा दिसंल तेबी सांगा." शेषराव उठून लिंबाखाली गेले. बाज तिसऱ्यांदा आवळून झाली होती.

आषाढी पौर्णिमेला, विहारात पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासाला सुरुवात झाली त्या दिवशी, प्रेमानंद आला. हातात उतरवलेल्या आकड्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. आईच्या पाया पडला, बापाच्या पडला, खुशाली विचारली नाही. लिंबाखाली सतरंजी टाकून म्हणाला, रजिस्टर काढा.

दोन दिवस तेच चाललं. प्रेमानंद नंबर वाचायचा, शेषराव समास बघून टिंब किंवा साफ असं सांगायचे, टिंबाची नोंद प्रेमानंद पट्टी लावून खोडायचा. कामापुरतंच बोलणं. पण कामापुरतं का होईना, माणसं आठवत गेली. हिला ऊस तोडताना चावला. हा शाळेत न जाता करडीत लपला होता. ह्याच्या बापानं अंधारात दोरी समजून हातात धरला. रूपाबाईची नोंद पहिलीच होती, आणि तिच्यापुढं टिंब होतं. ती खोडताना प्रेमानंदनं बापाकडं पाहिलं. शेषरावांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत अठ्ठावीस नोंदी खोडून झाल्या. एकशे चौपन्न उरल्या. प्रेमानंदनं कॅल्क्युलेटरवर हिशोब केला, पुन्हा केला. दोन घंट्यांचा निष्कर्ष जागचा हलला नाही. चार घंट्यांचा मात्र काठावर येऊन उभा राहिला. एकच नोंद त्यांनी मागं ठेवली होती, एकशे चौदावी. तांड्यावरचा धर्मसिंग, चावल्यापासून साडेचार घंट्यांनी पोचला, गेला. त्याच्या समासात काहीतरी होतं. टिंबासारखं, पण थोडं पसरलेलं. ही नोंद धरली तर चार घंट्यांची हद्द कशीबशी टिकत होती. सोडली तर मोडत होती, आणि एक्केचाळीस डॉक्टरांनी उचललं होतं ते हेच.

प्रेमानंदनं हे बापाला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही, काही मागितलंही नाही. मग रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. "टिंब का डाग?"

शेषरावांनी पान उन्हाकडं धरलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. धर्मसिंगचं घर आठवलं, अंगणातली शेळी आठवली, त्याची बायको ओट्यावर बसलेली आठवली. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारलं होतं का, तेवढं आठवेना. पद्माबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना हिशोब कळत नव्हता, पण डाग म्हटलं तर पोराचं भलं आहे एवढं कळलं होतं.

"आठवत न्हाई," शेषराव म्हणाले.

"मग?"

"आठवत न्हाई म्हणजे टिंब."

प्रेमानंदनं पट्टी लावली. एकशे चौदावी नोंद खोडली. मग कोरा कागद घेऊन मासिकाला पत्र लिहायला लागला. पाच-सात ओळी झाल्यावर थांबला आणि, कुणी सांगितलं नसताना, बापाला ऐकू जावं म्हणून मराठीत सांगू लागला. "साप चावण्यावरच्या आमच्या निबंधातला चार घंट्यांचा निष्कर्ष चुकीच्या मोजणीवर उभा होता. तो आम्ही मागं घेत आहोत."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" शेषरावांनी विचारलं.

"तुमच्या न माझ्या. दोघांची नावं टाकून राहिलो."

"मग बराबर हाय," शेषराव म्हणाले. "पुढं वाच."